पिल्लाचे जुलाब: जिवाणूंवर संशय घेताना काय करावे

कुत्र्याच्या पिल्लाला जुलाब लागले की आधी विष्ठेकडे नव्हे, पिल्लाकडे पाहावे. ते खेळत, खात आणि पाणी पीत असेल, तर एक दिवस थांबता येते. मात्र ते मलूल झाले असेल, उलट्या होत असतील, विष्ठेत रक्त दिसत असेल, हिरड्या फिकट किंवा चिकट झाल्या असतील, अथवा चिमटीत धरून सोडलेली कातडी लगेच पूर्ववत बसत नसेल, तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे.

तेथे प्रथम पार्व्हो या पिल्लांत जीवघेणे जुलाब घडवणाऱ्या विषाणूची चाचणी करून घ्यावी आणि ताज्या विष्ठेत जंत व जिआर्डिया हे आतड्यातील सूक्ष्म परजीवी आहेत का, हे पाहून घ्यावे. ही कारणे वगळल्याशिवाय जिवाणूंकडे वळू नये.

जिवाणूंमध्ये कॅम्पिलोबॅक्टर, साल्मोनेला, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स आणि ई. कोलाय यांची नावे घेतली जातात. शेंबडासारखी, रक्ताचे धागे असलेली विष्ठा कॅम्पिलोबॅक्टरमुळे होऊ शकते. कच्चे मांस खाणाऱ्या पिल्लात साल्मोनेलाचा संशय अधिक घ्यावा. अडचण अशी, की हे जिवाणू ठणठणीत पिल्लांच्या आतड्यांतही सापडतात. त्यामुळे ‘पॉझिटिव्ह’ अहवाल म्हणजे निदान नव्हे. क्लॉस्ट्रिडियमच्या बाबतीत तर त्याने सोडलेले विष सापडते का, हे पाहणे जास्त उपयोगाचे. विष्ठेचे कल्चर (जिवाणू वाढवून ओळखण्याची चाचणी) करायचे असल्यास नमुना प्रतिजैविकाच्या पहिल्या मात्रेपूर्वीच घ्यावा.

सौम्य जुलाबात प्रतिजैविक मागू नये, आणि मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या तर मुळीच देऊ नयेत. अमेरिकेत 2016 ते 2018 दरम्यान दुकानांतील पिल्लांपासून शंभराहून अधिक माणसांना कॅम्पिलोबॅक्टरची बाधा झाली. तो जिवाणू अनेक औषधांना दाद देत नव्हता, आणि तपासलेल्या बहुतेक पिल्लांना प्रतिजैविके दिली गेली होती. ताप किंवा रक्तात संसर्ग पसरल्याची लक्षणे असतील, तेव्हा मात्र ती द्यावीच लागतात.

घरी लहान पिल्लाला उपाशी ठेवू नये, कारण त्याच्या रक्तातील साखर लवकर उतरते. मीठ-मसाला न घातलेले, उकडलेले बिनहाडाचे चिकन आणि मऊ भात थोडा थोडा, दिवसातून चार-पाच वेळा द्यावा, दूध टाळावे. माणसांची जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची गोळी देऊ नये. कॉली जातीच्या अनेक कुत्र्यांना ती विषारी ठरते.

विष्ठा हातमोजे घालून उचलावी आणि नंतर साबणाने हात धुवावेत. क्लॉस्ट्रिडियमचे बीजाणू सॅनिटायझरने मरत नाहीत. पिल्लू बरे होईपर्यंत त्याला लहान मुलांचे तोंड चाटू देऊ नये.