नवरा रात्री दहाला झोपतो, मी एक वाजता: अखेर जमलं

मी खोलीत शिरले की नवरा दचकून जागा. पहाटे ५ ला त्याच्या गजराने मी. एकाच वेळी झोपून पाहिलं, मी छताकडे बघत पडायचे. कानात बोळे घातले, कान दुखले. वर्षभर नुसती चिडचिड.

जमलं ते असं. ९:४५ ला मीही आडवी होते, फोन बाहेर, १५ मिनिटं गप्पा; त्याचा डोळा लागला की उठते. माझे झोपायचे कपडे, चार्जर, पाणी आधीच बाहेरच्या खोलीत. दाराच्या बिजागरीला तेल. पांघरुणं दोन. त्याचा गजर मनगटी घड्याळात, फक्त व्हायब्रेशनवर, स्नूझ बंद. आणि (हे खरं तर आधी करायचं होतं) त्याने मला ‘आळशी’ म्हणणं सोडलं, मी त्याला ‘कोंबडा’. शरीराचं घड्याळ काही अंशी जन्मजातच असतं. सुट्टीच्या दिवशी ९ पर्यंत पडदा बंद.