पाऊस लांबला की गावी फोनवर काय विचारायचं

मृग कोरडा गेला की आपण पुण्यात बसून घरी रोज एकच फोन करतो, "झाला का पाऊस?" मी पण कित्येक वर्षं हेच करायचो. आमचं लातूरकडं सोयाबीन असतं. एकदा आई वैतागून म्हणाली, अरे आला तर सांगणार नाही का तुला, रोज दोनदा विचारतोस आणि रोज दोनदा तुझ्या वडलांना नाही म्हणावं लागतंय. तेव्हा कुठं डोक्यात शिरलं, की मी विचारत होतो ते माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून.

तर पाऊस सोडा, जे त्यांच्या हातात आहे ते विचारा. घरचं बियाणं असेल तर पेरणीआधी ओल्या गोणपाटात 100 दाणे गुंडाळून उगवण बघतात, 70 च्या वर कोंब आले की बी चालतंय. मी वडलांना नुसतं विचारलं, "अण्णा, शंभरातले किती उगवले?" म्हणाले, "चौऱ्याहत्तर." मग गप्प. मी पण गप्प राहिलो (लई जड गेलं, तोंडाशी दहा गोष्टी आलेल्या) आणि मग तेच सुरू झाले, की हे बी वढ्याकडच्या वावरातलं, मागं काढणीत भिजलं होतं म्हणून भ्या होतं, आणि शेजाऱ्यानं पहिल्याच सरीवर चाड्यावर मूठ धरली आता त्याचं करपायलंय, दुबार पेरणी आली त्याच्या गळ्यात, मी नाही घाई केली. वीस मिनिटं बोलले. एरवी आमचा कॉल दीड मिनिटाचा.

ती गप्प राहायची जागा सांभाळा. मधे फक्त "हं", "मग?" एवढंच. "होईल सगळं नीट, टेन्शन घेऊ नका" म्हणलं की विषय तिथंच मिटतो, ते पण "हो हो" म्हणून फोन ठेवतात. आणि यूट्यूबवर बघितलेलं ज्ञान तर अजिबात नको. 75 ते 100 मिलिमीटर पडल्याशिवाय पेरू नका हे कृषी विभाग दरवर्षी सांगतो, त्यांना पाठ आहे ते, पण चारी बाजूला तिफणी चालू झाल्या की धीर धरवत नाही. म्हणून "पेरू नका" असं सांगण्यापेक्षा "तुम्ही काय बघून ठरवणार?" असं विचारा.

पैशाचं पहिल्याच फोनला काढू नका. काढाल तेव्हा "पैसे पाहिजेत का?" असं नको, त्याला उत्तर कायम "नको". त्यापेक्षा "दुकानदाराची किती बाकी राहिली?" विचारलं की आकडा येतो, मग पुढचं बोलता येतं.

वेळ रात्री जेवणानंतरची, सकाळी माणूस रानात असतो. गाडी चालवताना करू नका, त्यांना कळतं. आईला वेगळं विचारा, पण तिचा फोन स्पीकरवर असतो हे ध्यानात ठेवा, मी "अण्णा नीट जेवतात का?" विचारलं तर मागून अण्णाच, "जेवतो की!"

एक गोष्ट मात्र हसण्यावारी न्यायची नाही. "आता काय अर्थ नाही", "माझ्यामागं तुम्ही बघा" असं ऐकू यायला लागलं, झोप उडाली, माणसांत बसणं बंद झालं, तर आडवळण न घेता विचारा, "जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात येतंय का?" विचारल्यानं डोक्यात भरतं हा गैरसमज आहे. उत्तर हो आलं तर रागावू नका, रडू नका, ऐका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, चोवीस तास लागतो, मराठीत बोलतात. पण त्या रात्री त्यांना एकटं ठेवू नका, फवारणीची औषधं घरातून हलवायला सांगा, गावातल्या चुलत भावाला लगेच उठवून घरी पाठवा आणि तुम्ही मिळेल त्या गाडीनं निघा.