सड्यावर अनोळखी कांदा दिसला तर: नवीन प्रजाती ओळखायची आणि लिहायची कशी

पहिला पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या सपाट पठारांवर, दीपकाडी (शास्त्रीय नाव डिपकॅडी, कांद्यातून उगवणारं रानफूल) फुलते, पांढरीशुभ्र, आणि कधीकधी तिच्याच बाजूला तिच्यासारखी पण हिरवट, बुटकी, काहीतरी वेगळीच वाटणारी एखादी काडी उभी असते. छातीत धडधडायला लागतं, साहजिक आहे. पण त्या क्षणी खणायला बसू नका. कांदेवाल्या झाडाचं अर्धं आयुष्य जमिनीखाली असतं आणि उरलेलं वर्षभरात तुकड्यातुकड्याने वर येतं, ते सगळे तुकडे बघितल्याशिवाय ही नवी का जुनीच हे कोणालाही सांगता येत नाही.

रानकांदा घ्या, म्हणजे आपला कोळकांदा, ड्रिमिया इंडिका. ऐन उन्हाळ्यात नुसती काडी येते, पान एकही नाही, फुलं संध्याकाळनंतर उघडतात त्यामुळे सकाळी गेलात तर मिटलेलीच दिसणार, आणि पानं येतात ती पावसाळ्यात, तोपर्यंत काडी वाळून गेलेली असते. म्हणजे फुलांचे फोटो एका झाडाचे आणि पानं शेजारच्या दुसऱ्याच कांद्याची असं सहज होतं. म्हणून पहिलं काम, झाडाला नंबर द्या. अ‍ॅल्युमिनियमची पट्टी तारेने जवळच्या दगडाला बांधा, जीपीएस घ्या आणि शिवाय वहीत हाताने नकाशा काढा (कातळातली भेग, करवंदीची जाळी, जे असेल ते), कारण पट्टी गुरांच्या पायाने जाते आणि डुक्कर, साळिंदर कांदा उकरतात. माझ्या एका सीझनच्या सगळ्या पट्ट्या गेल्या होत्या आणि वहीतला नकाशा होता म्हणून ते वर्ष वाचलं.

मग मापं. एका झाडावरून वर्णन लिहायचं नाही, निदान पंधरा-वीस झाडं मोजा आणि जमलं तर दोन-तीन जागची, कारण माती खोल असेल तिथे तेच झाड दुप्पट उंच होतं आणि उंची हा फरक म्हणून टिकत नाही. टिकतं ते फुलात असतं. दीपकाडीच्या गटात पाकळ्या खाली जुळून नळी झालेली असते, ती नळी किती लांब, बाहेरच्या तीन पाकळ्या किती मागे वळल्यात, पुंकेसर नळीत कुठे चिकटलेत, बीजांडकोशाच्या प्रत्येक कप्प्यात बीजांडं किती, हे सगळं लेन्सखाली बघायचं आणि ताज्या फुलावरच बघायचं. ड्रिमियात पाकळ्या जवळपास सुट्या असतात, तिथे फुलाखालच्या छोट्या पानाला मागे टोक आहे का ते नक्की पहा, ते लवकर गळतं म्हणून कळी असतानाच बघावं लागतं. कांद्याच्या सालीचा रंग आतून-बाहेरून, कांदा एकटा का घोसात, मुळं जाड का बारीक, हेही तिथल्या तिथे लिहा. रंग वाळल्यावर जातो, आणि वास तर नोंदवायचा राहूनच जातो. फळ आणि बी मिळेपर्यंत थांबा, बिनबियांचं वर्णन अर्धवट वाटतं. आणि रानकांदा उघड्या हाताने कापू नका, रस अंगाला लागला की भयंकर खाज सुटते, शिवाय तो विषारी आहे.

आता सगळ्यात वेळखाऊ भाग, आणि लोक नेमका हाच उरकतात. तुमचं झाड नवीन आहे हे सिद्ध करायचं म्हणजे आधीच्या प्रत्येक नावापासून ते वेगळं आहे हे दाखवायचं, आणि जुनी नावं एका जागी सापडत नाहीत. रानकांद्याला रॉक्सबर्ग या जुन्या वनस्पतिशास्त्रज्ञाने सिला म्हटलं, मग तो अर्जिनिया झाला, आता ड्रिमिया. कोकणातली दीपकाडी डॅल्झेलने युरोपेटॅलम म्हणून लिहिली, बेकरने ती डिपकॅडीत आणली. म्हणजे फक्त आजच्या नावाने शोधलंत तर निम्मं साहित्य हुकणार. कुकचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा (वनस्पतींची वर्णनं असलेला ग्रंथ), बॉटनिकल सर्व्हेचा 1996 चा महाराष्ट्राचा एकदलांचा खंड, आणि ऑनलाइन आयपीएनआय (वनस्पतींच्या नावांची यादी), लंडनच्या क्यू उद्यानाची पीओडब्ल्यूओ साइट, इथून सगळी नावं काढा आणि मग प्रत्येकाचं मूळ वर्णन आणि टाइप नमुना (ज्या वाळवलेल्या झाडाला ते नाव कायमचं जोडलेलं असतं तो) बघा. मुंबईच्या सेंट झेवियर्समधल्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या झाडांच्या संग्रहात) आणि पुण्यात बॉटनिकल सर्व्हेत प्रत्यक्ष जा, फोटोवर अवलंबून राहू नका. बहुतेक वेळा तुमची 'नवी' प्रजाती तिथल्या जुन्या शीटवर सापडते. वाईट वाटू देऊ नका, शंभर वर्षं न दिसलेलं झाड परत सापडणं हीसुद्धा लिहिण्यासारखीच गोष्ट आहे.

गुणसूत्रं मोजून घेता आली तर जरूर घ्या, कांदेवाल्यांत मुळांची टोकं सहज मिळतात आणि गुणसूत्रं मोठी असतात. रानकांद्यात मूळ संख्या 10 आणि तरी त्रिगुणित (गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असलेली) झाडंही सापडतात, अशी झाडं दिसायला दांडगी असली तरी तेवढ्यावर ती नवी प्रजाती होत नाही. डीएनएचा आधार असेल तर बरंच, पण वनस्पतींना नावं देण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमाने तो सक्तीचा नाही.

नमुना करताना कांदा तसाच प्रेसमध्ये घातलात तर तो कागदात पण कोंब काढतो, म्हणून उभा चिरा, उकळत्या पाण्यात बुडवा, मग दाबा आणि पहिले काही दिवस कागद रोज बदला कारण पानं बुळबुळीत असतात आणि काळी पडतात. दोन-चार फुलं 70 टक्के अल्कोहोलमध्ये वेगळी ठेवा. झाडं पन्नासच्या आत असतील तर एकच कांदा उचला, बाकीच्यांची फक्त काडी आणि एखादं पान घ्या. वनखात्याची जमीन असेल तर परवानगी आधी, नंतर नाही.

नाव देताना व्याकरण सांभाळा. डिपकॅडी नपुंसकलिंगी म्हणून कोंकनेन्से (कोकणातली), गोएन्से (गोव्यातली), ड्रिमिया स्त्रीलिंगी म्हणून इंडिका. बाईच्या नावावरून असेल तर शेवट उर्सुली (ursulae) असा -ae, आणि सॅक्सोरम म्हणजे खडकांवरची, असं झाडाबद्दल काही सांगणारं नाव मला जास्त आवडतं. स्वतःचं नाव कोणी देत नाही. वर्णन किंवा निदान फरक सांगणारा परिच्छेद लॅटिन किंवा इंग्रजीत हवा (2012 पासून इंग्रजी चालतं), होलोटाइप (ज्या एका नमुन्यावर नाव बेतलं तो) एकच आणि तो कुठल्या हर्बेरियममध्ये ठेवला ते छापलेलं हवं, जर्नल फक्त ऑनलाइन असेल तर पीडीएफ आणि आयएसएसएन किंवा आयएसबीएन (नियतकालिकाचा किंवा पुस्तकाचा नोंदणी क्रमांक) पाहिजे. यातलं एक जरी राहिलं तरी नाव वैध धरत नाहीत, फेसबुकवर टाकलेलं तर मुळीच नाही. शिवाय 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे नवीन प्रजाती नेमलेल्या संस्थेला कळवून नमुना तिथे जमा करायचा असतो.

पेपर पाठवायच्या आधी एकदा सगळे सडे परत फिरा आणि झाड किती जागी आहे ते मोजा, म्हणजे धोक्याची श्रेणी लिहिता येते. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या पद्धतीत झाड ज्यात आहे असे 2 बाय 2 किलोमीटरचे चौकोन मोजतात. बरेच सडे चिरेखाणीत चाललेत आणि जांभा एकदा कापला की त्यावरची बोटभर माती कांद्यांसकट जाते. जागेचा नेमका जीपीएस हर्बेरियमच्या लेबलवर पूर्ण लिहा, पण छापताना तालुका आणि सड्यापर्यंतच ठेवा, कारण फुलं छान असली की कांदे उपटून नेणारे लोक पेपर वाचतात.