राज्य पुरस्काराच्या मागे लागण्याआधी पथकाच्या नोंदणीची पावती बघा

तुम्ही स्काउट-गाईडमध्ये असाल, तर प्रवेश, प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार, हा पायऱ्यांचा क्रम तुम्हाला पाठच असेल. दोन पायऱ्यांमध्ये ठरावीक काळ जावा लागतो, हेही माहीत असेल. पण तो काळ धरला जातो पथकाच्या नोंदणीवरून, आणि ही नोंदणी दरवर्षी नव्याने करावी लागते. एखाद्या वर्षी ती राहिली, तर तुम्ही वर्षभर उन्हातान्हात मैदानावर उभे राहिलात तरी कागदावर ते वर्ष नाहीच.

माझं हेच झालं. आमचं पथक चालवणाऱ्या गाईड कॅप्टन मॅडमची बदली झाली, नव्या मॅडमच्या हाती कुणी धड काही सोपवलं नाही, आणि नूतनीकरण राहून गेलं. राज्य पुरस्काराच्या चाचणी शिबिराचा माझा अर्ज परत आला, तेव्हा दुसऱ्या शाळांतल्या माझ्या मैत्रिणी सामान बांधत होत्या. तो राग अजून पुरता गेलेला नाही. म्हणून बजावून सांगते: जूनच्या शेवटी शाळा उघडली की यंदाच्या नोंदणीची पावती मागा, तिची झेरॉक्स स्वतःच्या फाइलला लावा. मॅडम बदलल्या तर पुन्हा मागा. आगाऊपणा वाटला तर वाटू द्या. सोपान पूर्ण झाल्याची तारीख आणि सही त्याच आठवड्यात नोंदवहीत घ्या. नंतर घेऊ म्हटलं की सही करणारं माणूसच जागेवर नसतं.

नोंदवहीवरून आठवलं. ताई-दादांची जुनी वही उतरवून काढायचा सल्ला सगळीकडे मिळतो. माझं मत स्पष्ट आहे, करू नका. परीक्षक वही चाळतात आणि मग हातात दोरी देतात. स्क्वेअर लॅशिंगची, म्हणजे दोन काठ्या काटकोनात बांधायची, सुरुवात क्लोव्ह हिच या गाठीने होते आणि शेवटही क्लोव्ह हिचनेच, हे सगळे घडाघडा सांगतात. पण दोन काठ्यांच्या मधून दोरी फिरवून वेढे आवळायचे, ते फ्रॅपिंग घाईत सुटतं, आणि मग काठी हाताने हलवली की अख्खी बांधणी सैल पडते. हे वही उतरवून येत नाही. तुमची बांधणी सोडून पुन्हा करायला लावणारे सर किंवा मॅडम मिळाले, तर त्यांना सोडू नका. हसत हसत सही देणाऱ्यांपेक्षा ते लाख पटीने बरे.

सरावाला नागपूरसारखं शहर नाही. होकायंत्र आणि अंतराचा अंदाज शिकायला सेमिनरी हिल्स, पक्षी-झाडं ओळखायला गोरेवाडा, हाइकला रामटेकचा गड. फक्त हे सगळं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरका. आपल्या मे महिन्यात हाइक काढणं म्हणजे ऊन लागायला आमंत्रण. अग्निशमनाचं प्रावीण्य पदक घ्यायचं असेल तर १४ ते २० एप्रिलचा अग्निशमन सेवा सप्ताह चुकवू नका. १९४४ च्या मुंबई गोदी स्फोटात गेलेल्या जवानांच्या स्मरणार्थ तो पाळतात, आणि प्रात्यक्षिकं जवळून बघायला मिळतात. स्काउट-गाईडचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र तर आपल्या शेजारी पचमढीलाच आहे. तिथल्या शिबिराला नाव आलं तर परीक्षा जवळ आहे म्हणून नाही म्हणू नका.

खरी कमाईला, म्हणजे स्वतः काम करून पैसे मिळवायच्या उपक्रमाला, कमी लेखू नका. स्वतः भेळ विकून आणलेल्या पैशांचा हिशेब लिहिताना जो नेटकेपणा येतो, तो शिबिरात कामाला येतो.

आणि एखादं वर्ष हुकलंच, तर खचू नका. मी रडले होते, पण वाट बंद झाली नव्हती. रोव्हर-रेंजर या मोठ्या मुलामुलींच्या विभागात वयाच्या २५ वर्षांपर्यंत राहता येतं, तिथूनही राष्ट्रपती पुरस्कार मिळतो. रेल्वेत स्काउट-गाईड कोट्यातून भरती होते, आणि नागपुरात मध्य रेल्वे आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वे या दोन्हींचे विभाग आहेत. पण तिथेही पुरस्कारासोबत सलग सक्रिय सदस्य असल्याचा दाखला मागतात. कॉलेजात गेल्यावर तिथे पथक नसेल, तर जिल्हा कार्यालयात जाऊन शाळेबाहेरचं मुक्त पथक विचारा. जाताना त्या झेरॉक्सची फाइल सोबत न्या.