‘कारण : पायलटची चूक’ हा रकाना शेवटी वाचा

अपघाताचा जुना अहवाल हातात पडला की बहुतेक लोक आधी ‘कारण’ हा रकाना शोधतात. तिथं ‘पायलटची चूक’ असं टाइप केलेलं असतं. वाचणारा मान हलवतो आणि फाइल मिटतो. माझं सांगणं उलटं आहे : तो रकाना झाकून ठेवा आणि बाकीचं सगळं वाचून झाल्यावरच उघडा.

मी हवाई दलात ग्राउंड क्रूमध्ये इंजिन फिटर होतो. काम संपवायचं, एफ-सातशेवर, म्हणजे विमानाच्या देखभालीच्या नोंदवहीवर, सही ठोकायची आणि विमान पायलटच्या ताब्यात द्यायचं, यात नोकरी गेली. निवृत्तीनंतर दुसऱ्या महायुद्धातल्या ट्रेनिंगच्या आणि टेस्ट फ्लाइटच्या अपघातांचे कागद वाचायचा नाद लागला. कुणी एखादं विमान शोधत असतं, कुणी एखादा वैमानिक. ते विचारतात तेव्हा जे सांगतो, तेच इथं लिहितोय.

हे अपघात म्हणजे युद्धाच्या कडेला पडलेली किरकोळ गोष्ट नव्हे. अमेरिकेच्या लष्करी हवाई दलाची सुमारे १५ हजार माणसं खुद्द अमेरिकेत, शत्रू समुद्रापलीकडे असताना, विमान अपघातांत मेली. ब्रिटनच्या बॉम्बर कमांडचे ५५,५७३ जण गेले, त्यातले आठ हजारांच्या आसपास ट्रेनिंग आणि तत्सम अपघातांत. कॅनडातल्या कॉमनवेल्थ ट्रेनिंग योजनेत ८५६ जणांचा शिकतानाच मृत्यू झाला.

लढाईत की अपघातात?

घरच्यांच्या आठवणीत सगळेच लढताना गेलेले असतात. म्हणून आधी हे तपासायचं. अमेरिकन लष्कराने १९४६ मध्ये मृत आणि बेपत्ता सैनिकांची जिल्हावार यादी काढली होती. तिच्यात नावापुढे ‘केआयए’ असेल तर लढाईत, ‘डीएनबी’ असेल तर लढाईबाहेर मृत्यू. डीएनबीमध्ये आजारपणही येतं, तेव्हा तेवढ्यावरून विमान अपघात ठरवू नका. ब्रिटिश माणूस असेल तर त्या काळच्या विमानविषयक साप्ताहिकांतल्या याद्या बघा. ‘किल्ड इन अ‍ॅक्शन’ आणि ‘किल्ड ऑन अ‍ॅक्टिव्ह सर्व्हिस’ असे दोन वेगळे मथळे असत. अपघातवाले दुसऱ्या मथळ्याखाली सापडतात. कॉमनवेल्थ युद्धकबर आयोगाची यादी नाव, तारीख, युनिट आणि कबर सांगते. मृत्यू कशाने झाला हे तिथं शोधू नका.

कोणतं कपाट उघडायचं

चार गोष्टी हव्यात : तारीख, नाव, युनिट आणि विमानाचा सीरियल नंबर. त्यात तारीख सगळ्यात मोलाची. सीरियल नंबर फोटोवरून काढत असाल तर अमेरिकन शेपटीची एक खोड माहीत हवी. नंबरातला वर्षाचा पहिला आकडा शेपटीवर रंगवत नसत. ४२-५०२९१ या लिबरेटर बॉम्बरच्या शेपटीवर २५०२९१ दिसतं. या विमानाकडे आपण पुढे येऊच.

अमेरिकन लष्करी हवाई दलाच्या अपघाताचा कागद म्हणजे फॉर्म १४. तो अलाबामातल्या मॅक्सवेल तळावरच्या हवाई दलाच्या इतिहास संशोधन संस्थेकडे मिळतो. इथं लोक हमखास रस्ता चुकतात आणि ‘बेपत्ता एअर क्रू रिपोर्ट’ शोधत बसतात. तो रिपोर्ट १९४३ पासून, मुख्यतः परदेशातल्या मोहिमांवरून न परतलेल्या विमानांसाठी भरला जाई. टेक्सासमध्ये ट्रेनिंगला पडलेलं विमान त्यात सापडणार नाही. माणसाची सर्व्हिस फाइल मागवली तर १९७३ मध्ये सेंट लुईसच्या रेकॉर्ड केंद्राला लागलेल्या आगीत ती जळाली असण्याची शक्यता मोठी आहे. तरी हिरमुसू नका. मृत सैनिकाची स्वतंत्र फाइल असते, तिला आयडीपीएफ म्हणतात. ती मागवा. अंत्यविधी, ओळख पटवणं, घरच्यांशी झालेला पत्रव्यवहार, सगळं त्यात असतं. वाचायला जड जातं, एवढं आधीच सांगतो.

ब्रिटिश बाजूला फॉर्म ११८० नावाचं अपघाताचं कार्ड लंडनमधल्या हेंडनच्या आरएएफ, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या, म्युझियममध्ये आहे. दोन्ही बाजूंनी दाटीवाटीने भरलेलं, अर्धं हाताने लिहिलेलं. युनिटची दैनंदिनी लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये मिळते. स्क्वाड्रन ‘एअर २७’ या फाइलींच्या मालिकेत, पण ऑपरेशनल ट्रेनिंग युनिट ‘एअर २९’ मध्ये. ट्रेनिंगचा अपघात ‘एअर २७’ मध्ये शोधणारा वर्षभर शोधत राहील. ‘एअर ८१’ मध्ये एकेका घटनेच्या जीवितहानीच्या फाइली टप्प्याटप्प्याने खुल्या होत आहेत, त्याही बघा. विमानाच्या फॉर्म ७८ या कार्डावर शेवटी ‘एफए’ असेल तर अपघात, ‘एफबी’ असेल तर लढाई.

आधी तासांचा रकाना

अहवाल हातात आला, आता वाचायचं कसं? पायलटचे एकूण उड्डाणतास बघून लोक थांबतात. त्याखालचा रकाना बघा : त्याच प्रकारच्या विमानावरचे तास. रात्रीचे तास वेगळे, इन्स्ट्रुमेंटवरचे वेगळे.

रिचर्ड बाँगचं उदाहरण घ्या. ४० शत्रुविमानं पाडलेला अमेरिकेचा पहिल्या क्रमांकाचा लढाऊ वैमानिक. ६ ऑगस्ट १९४५ रोजी, हिरोशिमावर बॉम्ब पडला त्याच दिवशी, कॅलिफोर्नियात पी-८० या नव्या जेटची चाचणी घेताना टेक ऑफनंतर लगेच गेला. एकूण अनुभवाला तोड नव्हती, पण पी-८० वरचे तास चार-सव्वाचार. मुख्य फ्युएल पंप बंद पडला आणि टेक ऑफला चालू असायला हवा होता तो विजेवरचा जादा पंप चालू नव्हता. त्या दिवशी पी-८० उडवणाऱ्या रे क्रॉफर्ड या दुसऱ्या पायलटने नंतर सांगितलं, की आधीच्या एका उड्डाणातही तो पंप लावायला विसरल्याचं बाँग त्याला बोलला होता.

आता कुणी म्हणेल, पायलटची चूक. थांबा. त्याच प्रकारच्या विमानाचा त्याआधीचा अपघात शोधा, ही सवयच लावून घ्या. २० ऑक्टोबर १९४४ रोजी पी-८० बनवणाऱ्या लॉकहीड कंपनीचा मुख्य टेस्ट पायलट मायलो बर्कम अशाच विमानात फ्युएल पंप निकामी होऊन मेला होता. म्हणजे पंपाचं दुखणं दहा महिने माहीत होतं आणि त्यावरचा उपाय एका स्विचवर सोडला होता. तो स्विच पायलटने न विसरता दाबायचा. माझ्या मते हा अपघात कागदावर ऑगस्टमधला असला, तरी त्याची सुरुवात ऑक्टोबरात आहे.

घड्याळ आणि हवा

वेळेचं गणित आधी सोडवा. ब्रिटनमध्ये १९४१ पासून उन्हाळ्यात घड्याळं ग्रीनिचच्या दोन तास पुढे असत. अमेरिकेत फेब्रुवारी १९४२ ते सप्टेंबर १९४५ बारा महिने ‘वॉर टाइम’, म्हणजे एक तास पुढे. अहवालात ‘संध्याकाळी साडेनऊ’ असेल तर अंधार होता असं धरू नका. हवामानाची नोंद बहुतेकदा ग्रीनिच वेळेत आणि साक्षीदार मनगटावरच्या घड्याळात बोलतो. दोन्ही एका वेळेत आणल्याशिवाय ढग कधी आले ते कळणार नाही.

आता तो लिबरेटर. २३ ऑगस्ट १९४४ रोजी दुरुस्तीनंतरच्या चाचणीसाठी दोन लिबरेटर लँकेशायरमधल्या वॉर्टन तळावरून उडाले. वादळ येताना दिसलं म्हणून दोघांना परत बोलावलं. दुसरं विमान वादळापासून लांब निघून गेलं आणि वाचलं. ४२-५०२९१ उतरायला आलं आणि शेजारच्या फ्रेकलटन गावावर कोसळलं. ६१ जण मेले, त्यात ३८ शाळकरी मुलं.

चौकशीने नेमकं कारण सापडलं नाही असं स्पष्ट लिहिलं. वादळ किती धोक्याचं आहे हे पायलटला उशिरा उमगलं असावं, आणि हवेतच विमानाचा सांगाडा तुटला असण्याची शक्यताही नाकारता येत नाही, असं म्हटलं. विमानाचं इतकं काही उरलंच नव्हतं की तपासून खात्री करावी. पण मला जपून ठेवावीशी वाटते ती त्यातली शिफारस : ब्रिटनमधली वादळं म्हणजे फार तर सरी, असा अमेरिकन पायलटांचा समज आहे, तेव्हा त्यांना खडसावून सावध करा. कारणाच्या रकान्यातून जे कळत नाही ते शिफारशीतून कळतं. ‘यापुढे असं करा’ म्हणजेच तोवर तसं होत नव्हतं.

सही कुणाची, खूण कसली

माझ्या आवडीचं पान. अमेरिकन विमानाबरोबर फॉर्म १-ए असायचा. त्यावर लाल पेन्सिलीच्या तीन खुणा. लाल फुली म्हणजे विमान उडवायचं नाही. लाल तिरकी रेघ म्हणजे दोष आहे, पण उडवता येईल. लाल आडवी रेघ म्हणजे ठरलेली तपासणी राहून गेली आहे. अहवालाला हे पान जोडलेलं असेल तर तिरकी रेघ शोधा, तिच्यासमोर काय लिहिलंय ते वाचा, आणि ती स्वीकारून सही कुणी केली ते बघा. ट्रेनिंग तळावर तिरक्या रेघेचं विमान रोजचंच. जुनी, लढाईतून काढलेली विमानं शिकाऊ पोरांना द्यायचे. स्नॅग, म्हणजे दोष, लिहून लिहून मेकॅनिकचे हात दुखत असतील.

आणि कधी कधी कागदावर सगळं स्वच्छ असतं. ७ जून १९४२ रोजी व्ही९९७७ हे हॅलिफॅक्स बॉम्बर एचटूएस या खालची जमीन दाखवणाऱ्या रडारची चाचणी घेत वेल्सच्या सीमेजवळ पडलं. आतले अकराही जण गेले, त्यात स्टिरिओ ध्वनीचा जनक अ‍ॅलन ब्लुमलीन. सुरुवात कुठून झाली? उजवीकडच्या बाहेरच्या मर्लिन इंजिनातला एक टॅपेट नट, म्हणजे व्हॉल्व्हची फट ठरवणारा नट. काही तासांपूर्वीच्या तपासणीत तो नीट आवळला गेला नव्हता. नट ढिला, म्हणून व्हॉल्व्हचा क्लिअरन्स वाढत गेला. शेवटी इनलेट व्हॉल्व्हची दांडी तुटली, इंधन-हवेचं मिश्रण पेटलं आणि रॉकर कव्हरमधून ज्वाळा बाहेर. ही आग लागली विझवणी यंत्रणेच्या बऱ्याच पुढे, त्यामुळे तिथं काही पोचेना. पंख जळून दुमडला आणि विमान उलटं होऊन आपटलं. हे वाचताना मला अजूनही उगाच पाना हातात घ्यावासा वाटतो.

साक्षीदार आणि लोखंड

‘इंजिन फटफटत होतं’, ‘हवेतच स्फोट झाला’ : जवळपास प्रत्येक साक्षीत ही दोन वाक्यं असतात. खोटं बोलत नाहीत लोक, पण आवाज उशिरा पोचतो आणि आग आधी लागली की नंतर हे लांबून कळत नाही. साक्ष पडताळायची ती अवशेषांवरून. पंखाचं टोक किंवा शेपटी मुख्य ढिगापासून लांब मिळाली तर विमान हवेत तुटलं. सगळं एका खड्ड्यात असेल तर जमिनीपर्यंत ते एकसंध होतं. फोटोत प्रोपेलर दिसत असेल तर पाती बघा. पात्यांना पीळ बसलाय, टोकं पुढे वळली आहेत, तर इंजिन ताकद देत होतं. नुसती मागे वाकली आहेत, तर बहुधा नव्हतं. एखादंच पातं वाकलंय आणि बाकीची सरळ, तर प्रोपेलर थांबलेला होता.

आता तो रकाना उघडा

काही अमेरिकन फॉर्मवर दोषाची टक्केवारी दिसेल, पायलट इतके टक्के, हवामान इतके, यंत्र इतके. आकडे बघून दबून जाऊ नका. ते चौकशी मंडळाने वाटून दिलेले असतात, मोजलेले नसतात.

पायलटच्या चुकीत काय काय लपतं बघा. बी-१७ हे बॉम्बर उतरल्यावर पायलट फ्लॅप्सऐवजी, म्हणजे पंखांमागच्या झडपांऐवजी, चाकं वर घेत आणि धावपट्टीवर विमान पोटावर बसे. सी-४७ या मालवाहू विमानावर असं होत नसे. राइट फील्ड या अमेरिकन हवाई दलाच्या संशोधन तळावरच्या अल्फॉन्स चपानिस या मानसशास्त्रज्ञाने पाहिलं, की बी-१७ मध्ये दोन्ही नियंत्रणं शेजारी-शेजारी आणि हाताला सारखीच लागणारी आहेत. चाकांच्या मुठीला चाकाचा आकार आणि फ्लॅपच्या मुठीला पाचरीचा आकार द्यायचा, हा त्याचा उपाय आजही विमानांत आहे. बी-२६ या बॉम्बरचंही तसंच. फ्लोरिडातल्या मॅकडिल तळावर ‘टँपाच्या खाडीत रोज एक’ अशी म्हणच पडली होती. नवखे पायलट, छोट्या पंखांवर मोठा भार, म्हणून उतरण्याचा वेग जास्त, आणि बॅटरी उतरली की दगा देणारे विजेवरचे प्रोपेलर. पुढे पंख लांब केले, ट्रेनिंग सुधारलं, आणि तेच विमान युरोपात कमी नुकसानीसाठी नावाजलं गेलं. तेव्हा बी-२६ च्या १९४२ च्या अहवालात पायलटची चूक वाचाल, तर प्रोपेलरबद्दल कुणी काही बोललंय का हे साक्षींत पुन्हा बघा.

टेस्ट फ्लाइटची वेगळी वाट

टेस्ट फ्लाइटमध्ये कंपनीचे नागरी इंजिनियर असतात. हवाई दलाच्या मृतांच्या यादीत ते नसतात. अमेरिकेच्या वास्प या महिला वैमानिकांचं तेच. ३८ जणी गेल्या, पण त्यांना लष्करी दर्जा नव्हता आणि तो मिळायला १९७७ उजाडलं. गुप्ततेमुळे बातमीही दाबलेली असते. अशा वेळी जमिनीवर काय पडलं ते शोधा. १८ फेब्रुवारी १९४३ रोजी बोइंगचा टेस्ट पायलट एडी अ‍ॅलन याचं बी-२९ बॉम्बर इंजिनाच्या आगीत सिएटलमधल्या मांस कारखान्यावर पडलं. विमान गुप्त, पण जळताना पाहिलं अख्ख्या शहराने. स्थानिक वर्तमानपत्र, अग्निशमन दल आणि मृत्यूनोंद ही तिथली खरी कपाटं.

जागेवर जायचं असेल तर ब्रिटनमध्ये १९८६ च्या कायद्याने लष्करी विमानाचे अवशेष परवान्याशिवाय उकरता येत नाहीत. अमेरिकन नौदल आपल्या बुडालेल्या विमानांवरचा हक्क सोडत नाही, मग ते मिशिगन सरोवरात ट्रेनिंगला बुडालेलं का असेना. काडतूस किंवा हाड दिसलं तर हात लावू नका, पोलिसांना कळवा.

आणि इतकं करूनही काही सापडलं नाही, तर एक दिवस मागे-पुढे शोधा. रात्रीच्या उड्डाणात विमान मध्यरात्रीनंतर पडतं, दैनंदिनीत उड्डाणाची तारीख असते आणि कबरीवर मृत्यूची. जखमी होऊन आठवड्याने गेलेला माणूस तर अपघाताच्या तारखेला मृतांच्या यादीत मिळणारच नाही. त्याच्यासाठी विमानातल्या इतरांच्या नावांनी शोधायचं.