आठव्या प्रश्नावर आजी हसल्या

डायलिसिसच्या खाटेवरच्या माणसाकडे चार तास असतात. हात मशीनला जोडलेला, समोर टीव्हीवर कुठलीतरी मालिका, बाजूच्या स्टुलावर डबा घेऊन आलेली सून. पीएचडीच्या काळात मी अशा लोकांना प्रश्नावली वाचून दाखवायचे. संकटात माणसं धर्माचा आधार कसा घेतात, हे मोजण्यासाठी केनेथ पार्गामेंट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चौदा विधानांची एक छोटी मोजपट्टी केली आहे. पहिली सात विधानं सकारात्मक मानली जातात: देवाशी नातं घट्ट करणं, त्याच्यावर भार टाकणं वगैरे. पुढची सात नकारात्मक. आठवं विधान साधारण असं, की देवाने मला टाकून दिलं की काय, असं मला वाटलं. 'अजिबात नाही' ते 'खूपच' अशा चार पर्यायांतून एक निवडायचा.

आजी हसल्या. म्हणाल्या, "टाकतोय कुठला! रोज शिव्या घालते मी त्याला. जाईल कुठं?"

मी पेन धरून तशीच बसले. शिव्या म्हटल्यावर नकारात्मकाकडे झुकायला हवं. पण त्या शिव्या घालत होत्या, त्या तो ऐकतोय या खात्रीपोटी. जनाबाईने विठोबाला शिव्या दिल्या, तुकोबा त्याच्याशी उघड भांडले, आणि आपल्याकडे कोणी ते श्रद्धा डळमळल्याचं लक्षण समजत नाही. उलट लेकीबाळींनीच बापाशी भांडावं, तसं ते. मोजपट्टी बनवणाऱ्यांना हे कळत नव्हतं असं नाही. बायबलमधला ईयोबही देवाशी वाद घालतोच. अडचण एवढीच, की चार चौकटींत भांडण आणि दुरावा यांचा फरक मावत नाही. त्या दिवशी मी 'अजिबात नाही'वर खूण केली आणि समासात आजींचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं. आज मागे वळून बघताना वाटतं, माझ्या अभ्यासाची खरी सुरुवात त्या समासात झाली.

धर्म आणि अध्यात्म यांच्या मानसशास्त्रात यायचंय, असं म्हणणारी दोन-चार मुलं दरवर्षी भेटतात. त्यांत दोन प्रकार ठरलेले. एकाला ध्यानधारणेचं सामर्थ्य विज्ञानाने सिद्ध करायचं असतं. दुसरा अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत वाढलेला असतो आणि हे सगळं मनाचे खेळ आहेत, हे त्याला दाखवून द्यायचं असतं. दोघंही हुशार असतात आणि दोघंही वर्षभरात कंटाळतात, कारण देव आहे की नाही हा प्रश्न या विषयात विचारलाच जात नाही. जिनीव्हाचे मानसशास्त्रज्ञ थिओडोर फ्लूर्नवा यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच तो बाजूला काढून ठेवला. अलौकिक सत्तेचं अस्तित्व मानायचंही नाही आणि नाकारायचंही नाही. माणसाला काय जाणवलं, त्याने पुढे काय केलं, एवढंच बघायचं. ऐकायला सोपं वाटतं. स्वतःच्या आईच्या अंगात येत असेल तर मात्र ते पाळणं फार कठीण जातं. (माझ्या आईच्या नाही, मावशीच्या येतं. त्यावर मी कधीच संशोधन करणार नाही.)

वाचायला सुरुवात कुठून करायची, हे सगळे विचारतात. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सचंच नाव घेते. १९०१-०२ मध्ये एडिंबरोला दिलेली त्याची व्याख्यानं १९०२ साली 'द व्हरायटीज ऑफ रिलिजस एक्सपीरियन्स' या नावाने पुस्तकरूपात आली. भाषा जुनी आहे, वाक्यं लांबलचक आहेत, तरी पहिलं व्याख्यान गाळू नका. ख्रिस्ती धर्मप्रचारक संत पॉलला धर्मांतराच्या वेळी दिसलेला प्रकाश म्हणजे अपस्माराचा झटका, असं म्हणून विषय मिटवणाऱ्यांची त्याने तिथे खरपूस हजेरी घेतली आहे. जेम्स स्वतः वैद्यकीची पदवी घेतलेला माणूस होता, म्हणून ती हजेरी जास्त झोंबते. अनुभव कुठून उपजला यावरून त्याची किंमत ठरत नाही, त्याला फळ काय लागलं ते पाहा, असं त्याचं म्हणणं.

पुढे तो दोन प्रकारच्या वृत्ती मांडतो. काहींना जग मुळातच बरं दिसतं. काहींना आधी सगळं कोसळताना बघावं लागतं आणि मग ते जणू दुसऱ्यांदा जन्मतात. हे वाचलं की मराठी विद्यार्थ्याला हमखास तुकाराम आठवतो. दुष्काळ, अन्नावाचून गेलेली बायको, बुडालेला व्यापार, आणि मग भंडाऱ्याचा डोंगर. आठवू दे. पण 'तुकारामांना नैराश्य होतं' असं प्रबंधात लिहू नका. माझ्या एका विद्यार्थिनीने लिहिलं होतं, मी खोडलं. साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाची मुलाखत घेता येत नाही.

फ्रॉइड वाचा, पण लवकर आटपा.

धर्मांतराबद्दल मात्र थोडं थांबून सांगते, कारण तिथे आपल्याकडचा माणूस पाठ्यपुस्तकाला अडवू शकतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडविन स्टारबकचं १८९९ चं पुस्तक आणि त्यानंतरचं बरंच जुनं लेखन अमेरिकेतल्या प्रॉटेस्टंट तरुणांवर आधारलेलं आहे. त्यातून तयार झालेलं चित्र असं: वयात येतानाचा मुलगा, अपराधाची बोच, आतली घालमेल, आणि एका क्षणी लख्ख उजेड. आता हे चित्र घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जाऊन बघा. बाबासाहेबांनी येवल्याला घोषणा केली १९३५ साली आणि दीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. मध्ये एकवीस वर्षांचा अभ्यास. दीक्षाही एकट्याने नव्हे, लाखोंच्या बरोबर, बावीस प्रतिज्ञांसह. तिथे घालमेल नव्हती असं कोण म्हणेल? पण ती एका माणसाच्या पापाची नव्हती. हा प्रसंग ज्या सिद्धांतात बसत नाही, तो सिद्धांत अपुरा आहे, असं मी वर्गात स्पष्ट सांगते. आणि बौद्ध कुटुंबात प्रश्नावली घेऊन जाल तेव्हा 'तुम्ही देवाची प्रार्थना किती वेळा करता' हे विचारू नका. मी विचारलं होतं. घरातल्या काकांनी शांतपणे सांगितलं, "बाळा, आम्ही वंदना घेतो. देवाचं आमच्यात नाही." मग चहा दिला.

शब्दांनी मला सर्वांत जास्त छळलं. अमेरिकेत 'मी धार्मिक नाही, पण आध्यात्मिक आहे' असं म्हणणारे पुष्कळ लोक आहेत, म्हणून तिथल्या मोजपट्ट्यांत या दोन गोष्टी वेगळ्या काढलेल्या असतात. आपल्याकडे 'ते अध्यात्मात आहेत' या वाक्याचा अर्थ बहुधा 'ते अमुक बैठकीला जातात' किंवा 'त्यांनी अमुक महाराजांचा अनुग्रह घेतलाय' असा निघतो. 'धार्मिक' म्हटलं की सोवळं-ओवळं डोळ्यांपुढे येतं, त्यामुळे रोज दोन तास पूजा करणारी बाईही 'मी काही फार धार्मिक नाही हो' म्हणते. तेव्हा तिला धर्म, श्रद्धा, अध्यात्म यांतलं काहीच विचारू नका. नेम काय आहे विचारा. उपवास कुठले, माळ आहे का, कुलाचार कोण करतं, नवस बोललात का आणि फेडलात का, हे विचारा. आजार असेल तर 'बाहेरचं बघितलं का?' हा प्रश्न हलक्या आवाजात, नातेवाईक चहाला गेल्यावर. उत्तरं भराभर येतात.

भाषांतराची रीत शिकून घ्या: मराठीत करायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्या माणसाकडून परत इंग्रजीत करून घ्यायचं, दोन्ही ताडून बघायची. त्यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. ती म्हणजे पाच-दहा जणांना विधान वाचून दाखवून 'तुम्हाला यातून काय समजलं?' एवढंच विचारणं. माझे सहा महिने त्यात गेले. ते सहा महिने नसते, तर पुढची तीन वर्षं वाया गेली असती.

संमतीपत्राची गोष्टही त्यातलीच. खाटेवरचा माणूस मशीनला बांधलेला असतो, तो उठून जाऊ शकत नाही. मग त्याचा होकार हा खरा होकार का? मला हे एका नर्सने विचारलं, कुठल्याही समितीने नाही. त्यानंतर मी संमती आदल्या खेपेला, मशीन लागण्याआधी घ्यायला लागले. सही म्हटल्यावर काही जण दचकतात: "कर्जाबिर्जाचं नाही ना?" त्यांना घाई करायची नाही.

भारतातलं चांगलं काम बघायचं असेल तर प्रयागच्या माघ मेळ्यावरचे अभ्यास वाचा. गंगाकाठी महिनाभर तंबूत राहणारे कल्पवासी, कडाक्याची थंडी, पहाटेचं स्नान, दिवसरात्र भोंगे. भारतीय आणि ब्रिटिश संशोधकांच्या एका गटाने ४१६ कल्पवासी आणि मेळ्याला न गेलेले १२७ जण यांना मेळ्याच्या महिनाभर आधी आणि महिनाभर नंतर गाठलं. तब्येतीला त्रास व्हावा अशी सगळी परिस्थिती असूनही कल्पवासींना स्वतःची तब्येत आणि मन अधिक बरं वाटत होतं. हा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. याच गटाचा आणखी एक प्रयोग मला फार आवडतो. लोकांना तोच गोंगाट ऐकवला. काहींना सांगितलं की हा मेळ्यातला आहे, काहींना सांगितलं शहरातल्या रस्त्यावरचा. मेळ्याचा म्हणून ऐकणाऱ्यांनी तो जास्त वेळ सहन केला. आषाढीला दिवेघाट चढलेल्या कोणालाही हे पटायला प्रयोगाची गरज नाही, पण प्रयोग असल्याने ते परीक्षकांना पटतं. तरी वारीबद्दल फार हळवं होऊ नका. इरावती कर्वे दिंडीबरोबर चालल्या तेव्हा एकाच वाटेवर जातीजातीच्या वेगळ्या दिंड्या आणि वेगळ्या पंगतीही त्यांनी पाहिल्या आणि लिहिल्या. आनंद आणि पंगतीतला भेद, दोन्ही नोंदवायला शिकायचं.

उपचारांच्या बाजूने येणार असाल तर ही कसरत आणखी अवघड होते. २००२ साली तामिळनाडूतल्या एका मंदिरात राहायला आलेल्या ३१ मनोरुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. औषधं नाहीत, खास विधीही नाहीत. नातेवाइकासोबत राहणं आणि मंदिरातली बारीकसारीक कामं. लक्षणांची तीव्रता सरासरी वीस टक्क्यांच्या आसपास उतरली. आणि त्याच राज्यात, एक वर्ष आधी, एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या एका आश्रयगृहात साखळदंडाने बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून मेले. यातलं एकच उदाहरण तोंडपाठ असलेला माणूस मला धोकादायक वाटतो. अंगात येण्याबाबतही तसंच. जे समाजमान्य रीतीचा भाग म्हणून येतं आणि ज्याचा त्या माणसाला त्रास नाही, त्याला आजाराचं लेबल लावू नका, असं निदानाची आजची पुस्तकंही सांगतात. पण आरतीला येणारं वारं आणि सासरी छळ सुरू झाल्यावर दर अमावस्येला येणारं वारं यांत फरक असतो. तो ओळखायला आधी सासरची चौकशी करावी लागते.

आता पोटापाण्याचं. 'धर्माचा मानसशास्त्रज्ञ' अशी जागा आपल्याकडे जाहिरातीत दिसत नाही. मानसशास्त्रात एम. ए. करा, नेट किंवा सेट काढा, आणि हा विषय पीएचडीसाठी ठेवा. रुग्णांबरोबर काम करायचं असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रमच घ्या; नोंदणी नसताना स्वतःला क्लिनिकल म्हणवू नका. मी सात वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं, म्हणजे तासाप्रमाणे पैसे आणि उन्हाळ्यात शून्य. मार्गदर्शकही सहज मिळाला नाही. एकांनी 'विषय बदला, परीक्षेचा ताण घ्या' असं सुचवलं, दुसऱ्यांनी पहिल्याच भेटीत त्यांच्या गुरूंचा फोटो दिला. या अभ्यासाला सगळ्यात चांगली दारं सध्या वेदनाशामक सेवेत आणि कर्करोगाच्या वॉर्डात उघडतात, असं माझं निरीक्षण आहे. तिथे 'माझ्याच वाट्याला का?' हे रोज कानावर पडतं आणि डॉक्टरांकडे त्याला वेळ नसतो.

मोजपट्टीतलं एक विधान शेवटपर्यंत नीट झालं नाही. मुळात ते असं आहे: माझ्या चर्चने मला टाकलं का, असं वाटलं. चर्चला मराठीत काय म्हणणार? देऊळ कोणाला टाकत नाही. गाव, भावकी, भजनी मंडळ, सगळं करून पाहिलं. शेवटी 'माझ्या धर्माच्या माणसांनी' असं ठेवलं. पन्नाशीतल्या एका वारकऱ्यांनी ते ऐकलं. आठवड्यातून तीनदा मशीनवर यावं लागायचं, त्यामुळे त्यांची वारी चुकत होती. म्हणाले, "भावकीनं टाकलं, खोटं कशाला बोलू. दोन वर्षांत कोण आलं नाही. पण दिंडीतले फोन करतात. म्हणतात, पिशवी आम्ही ट्रकात टाकतो, माउली, तुम्ही फक्त वाखरीला या." मग कागदाकडे बोट दाखवून विचारलं, "दोन्ही लिहायला जागा आहे का?"

नव्हती. समासात लिहिलं.