संडे स्कूलमध्ये ‘अनुवाद’ 6 शिकवताना

भायखळ्याच्या आमच्या संडे स्कूलमध्ये मी घोकंपट्टी बंद केली. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात, 6:4-9 मध्ये, देवाची वचनं मुलांना शिकवण्याची पद्धत दिलेलीच आहे: घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना बोला. म्हणून गृहपाठ एवढाच द्या, झोपण्याआधी आईबाबांसोबत एक वचन मोठ्याने म्हणायचं.

हा उतारा म्हणजे यहुद्यांची मुख्य प्रार्थना ‘शेमा’, येशूनेही पहिली आज्ञा म्हणून हाच सांगितला (मार्क 12:29), हे मुलांना कळलंच पाहिजे. मग आपल्याच मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल यहुद्यांबद्दल, मुंबईत मांडवीतल्या त्यांच्या 1796 च्या सिनेगॉगबद्दल (प्रार्थनास्थळाबद्दल) सांगा. दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाचा फोटो दाखवा. त्या छोट्या डबीत चर्मपत्रावर हीच वचनं हाताने लिहिलेली असतात. तिची नक्कल मात्र करून घेऊ नका, ती त्यांची पवित्र वस्तू आहे.

मोठ्या मुलांना स्तोत्र 119 द्या: हिब्रूची 22 अक्षरं, प्रत्येक अक्षराने सुरू होणारी 8 वचनं. त्यांना तशीच ‘क’पासून एकेका अक्षराने ओळ सुरू करत स्वतःची प्रार्थना लिहू द्या, ‘ङ’, ‘ञ’ खुशाल गाळा.